डीफॉल्ट ब्रँच (गिट)

गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा इतिहासासह साठा, क्लोन केल्यावर (त्याची प्रत घेतल्यावर) आपोआप समोर येणारी शाखा, म्हणजे बदलांची एक स्वतंत्र मालिका. सर्व्हरवरील रेपॉझिटरीत 'हेड' नावाची छोटी फाइल असते. तिच्यात 'रेफ: रेफ्स/हेड्स/मेन' अशी एकच ओळ असते व त्या ओळीतील शाखा ती डीफॉल्ट. नव्या रेपॉझिटरीत पहिली कमिट (बदलांची नोंद) होईपर्यंत ही शाखा अस्तित्वातच नसते, फक्त तिचे नाव हेडमध्ये लिहिलेले असते. म्हणून नाव पहिल्या कमिटआधी ठरवणे सर्वांत सोपे.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये गिट लिहायला घेतले. डीफॉल्ट शाखेचे 'मास्टर' हे नाव त्याच वर्षीच्या पूर्वार्धात, बहुधा मे महिन्यात रूढ झाले. त्याच्या उगमाविषयी दोन मते आहेत. गिटच्या आधी लिनक्स कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपर या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या दस्तऐवजांत 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' रेपॉझिटरी असे शब्द आढळतात. त्यावरून हे नाव गुलामगिरीच्या परिभाषेतून आल्याचा निष्कर्ष 2019 मध्ये ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील चर्चेत मांडला गेला. उलट, हे नाव निवडणारे चेक प्रोग्रॅमर पेट्र बाउडिश यांनी 2020 मध्ये सांगितले की, त्यांच्या मनात ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत, म्हणजे 'मास्टर रेकॉर्डिंग' होती. हे निवेदन पंधरा वर्षांनंतरचे असले तरी निवडणाऱ्याचे स्वतःचे आहे, आणि गिटमध्ये 'स्लेव्ह' शाखा कधीच नव्हती. त्यामुळे ते अधिक ग्राह्य वाटते. मात्र उगम कोणताही असो, शब्द खुपणाऱ्यांची तक्रार त्यामुळे निकालात निघत नाही. सबव्हर्जन व मर्क्युरियल या अन्य आवृत्ती-नियंत्रण प्रणालींत अनुक्रमे 'ट्रंक' व 'डीफॉल्ट' अशी नावे असल्याने तेथे हा वाद उद्भवला नाही.

जुलै 2020 मधील गिट 2.28 आवृत्तीपासून 'इनिट.डिफॉल्टब्रँच' ही सेटिंग मिळाली. 'गिट कॉन्फिग'मध्ये ती एकदा ग्लोबल (वापरकर्त्याच्या सर्व रेपॉझिटरींसाठी) लिहिली की त्या संगणकावर पुढे त्याने 'गिट इनिट' या आज्ञेने निर्माण केलेल्या प्रत्येक रेपॉझिटरीला तेच नाव मिळते; जुन्यांना ती हात लावत नाही. गिट रेपॉझिटरी ऑनलाइन ठेवणाऱ्या गिटहब या सेवेने 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपॉझिटरींसाठी 'मेन' स्वीकारले. गिटने स्वतः हा बदल 3.0 आवृत्तीसाठी राखून ठेवला आहे.

या दोन वेळापत्रकांतील अंतराचा त्रास नवशिक्यांना होतो. नागपुरात दक्षिण अंबाझरी मार्गावर व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आणि परसोडीचे आयटी पार्क जवळजवळ आहेत, तर मिहान या औद्योगिक क्षेत्रात मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आहेत. शिकणारे आणि नोकरी करणारे दोघेही गिट वापरतात. विद्यार्थ्याने घरच्या लॅपटॉपवर 'मास्टर'मध्ये कोड लिहावा आणि गिटहबवर रीडमीसह (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलसह) रेपॉझिटरी उघडावी, म्हणजे तेथे 'मेन' तयार असते. 'पुश ओरिजिन मेन' केल्यास (म्हणजे 'मेन' शाखा सर्व्हरवर पाठवू पाहिल्यास) लॅपटॉपवर त्या नावाची शाखा नसल्याने आज्ञा फसते. 'मास्टर' पुश केल्यास सामाईक इतिहास नसलेल्या दोन शाखा शेजारी उभ्या राहतात. मग जोडीदार क्लोन करतो तेव्हा त्याला फक्त रीडमी दिसते. कोड हरवलेला नसतो, तो 'मास्टर'मध्ये असतो.

जुन्या प्रकल्पात स्थानिक शाखेचे नाव 'गिट ब्रँच'च्या 'एम' पर्यायाने बदलता येते. त्यानंतर नवी शाखा पुश करून सर्व्हरवरील डीफॉल्ट बदलावी लागते, आणि बिल्ड व डिप्लॉय (सॉफ्टवेअर तयार करून बसवणाऱ्या) स्क्रिप्टांत लिहिलेले जुने नाव हाताने शोधावे लागते. प्रत्येक सहकाऱ्याच्या प्रतीतही 'गिट रिमोट सेट-हेड' चालवावे लागते, अन्यथा तिच्यात सर्व्हरची डीफॉल्ट शाखा दाखवणारा 'ओरिजिन/हेड' जुन्याच नावाकडे राहतो.