पाडव्याच्या रात्री तुटलेला ‘तारा’

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. इंदूरच्या मराठी घरांतल्या गुढ्या नुकत्याच उतरल्या होत्या. रात्री पावणेआठ-आठच्या सुमारास निखाऱ्यांची एक माळ आभाळातून सरकत गेली. निमाड-माळव्यापासून विदर्भापर्यंत ती दिसली आणि ‘उल्कापात’ म्हणून मोबाइलवर फिरली.

उल्का हा शब्द माळव्याला परका नाही. सहाव्या शतकात इथूनच जवळ, अवंती देशात, वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांसाठी अख्खा अध्याय खर्च केला. स्वर्गात पुण्यफळ भोगून संपले की जीव खाली पडतात, त्यांची रूपे म्हणजे उल्का, असे तो म्हणतो. प्रकार पाच: धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत्, तारा. कारण भाबडे असेल, निरीक्षण मात्र नाही. मोठा आवाज करत जमीन फाडणारी ती अशनी. आजही जमिनीवर पोचलेल्या दगडाला आपण मराठीत अशनीच म्हणतो.

युरोपातल्या विद्वानांना मात्र आकाशातून दगड पडतात हेच बराच काळ पटत नव्हते. १७९४ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाड्नीने ते अवकाशातून येतात असे लिहिले, तेव्हा त्याची टिंगल झाली. १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेग्लजवळ सुमारे तीन हजार दगड बरसले, फ्रेंच शास्त्रज्ञ बियोने गावोगाव हिंडून तपास केला आणि मग वाद मिटत गेला.

१९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह स्पुत्निक उडाला आणि आभाळातून पडणाऱ्यांत माणसाने केलेल्या वस्तूंचीही भर पडली. १९७९ च्या जुलैत ‘स्कायलॅब’ ही अमेरिकी अवकाश-प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून आपल्याकडे उडालेली घाबरगुंडी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ती पडली ऑस्ट्रेलियाच्या बाजूला.

ओळखायची खूण म्हणजे वेग. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने घुसते आणि बहुधा दोन-चार सेकंदांत विझते. ‘अरे, बघ’ म्हणेपर्यंत संपते. अवकाश-कचरा साधारण ७-८ किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो, तुटत तुटत लांबवर जळतो. पाडव्याला लोकांना मोबाइल काढून चित्रण करायला सवड मिळाली, तिथेच शंका यायला हवी होती.

खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष होते. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. वराहमिहिराने अशनीचा आकार सांगितला आहे: चक्रासारखा.