वजन कमी करण्याचं ऑपरेशन: तुमच्यासाठी आहे का?

पहिल्या भेटीत बरेच जण खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारतात, "माझं ऑपरेशन होईल ना?" वजनकाट्याकडे पाहून याचं उत्तर देता येत नाही. पण सुरुवात तिथूनच होते, म्हणून आधी तो हिशोब.

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ९८ किलो असेल, तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, ९८ भागिले २.५६ म्हणजे साधारण ३८. पूर्वी ४० च्या खाली, सोबत मोठा आजार असेल तर ३५ च्या खाली, ऑपरेशनचा विषयच निघत नसे. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा खाली आणली. आता ३५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असेल तर आजार नसला तरी ऑपरेशन सुचवता येतं. ३० ते ३५ च्या दरम्यान टाइप २ मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार होतो. आशियाई वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ऑपरेशन सुचवण्याची मर्यादा २७.५ आहे.

आकडा बसला, म्हणजे फक्त दार उघडलं.

येताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. चिठ्ठीवरच्या आणा आणि चिठ्ठीशिवाय घेतलेल्याही. ती पिशवी टेबलावर रिकामी केली की पुष्कळ काही कळतं. गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी लागत असेल, तर बायपासनंतर (हृदयाचं नव्हे; यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात) तिच्यामुळे अल्सर होऊ शकतो. स्टेरॉइडमुळे वजन वाढलेलं असू शकतं. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आम्ही एंडोस्कोपी करायला सांगतो. तीव्र ॲसिड रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं ॲसिड घशाकडे वर येणं, असलेल्यांचा त्रास स्लीव्हनंतर, म्हणजे जठर कापून लहान करण्याच्या ऑपरेशननंतर, वाढू शकतो. त्यांना सहसा बायपास जास्त मानवतं. थायरॉईड, रक्तातली साखर, यकृत, झोपेत श्वास अडकणं, हेही तपासावं लागतं. "तो जोरात घोरतो" ही घरच्यांची तक्रार आमच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती असते.

कधी कधी आम्ही "आत्ता नको" म्हणतो. दारूचं किंवा इतर व्यसन असेल, नैराश्यावर उपचार चालू नसतील, खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, तर आधी त्यावर काम. तंबाखू काही आठवडे आधी बंद करावीच लागते. पुढच्या वर्ष-दीड वर्षात मूल हवं असेल तर ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं. मानसोपचारतज्ज्ञांची भेट ऐकून काही जण बिथरतात. ती पास-नापासाची परीक्षा नाही.

नंतरचं आयुष्य कसं असतं, ते एकदा घरीच करून पाहा. छोटी वाटी घ्या, प्रत्येक घास बारीक चावा, वाटी संपवायला वीस मिनिटं लावा, आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नका. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढला जातो आणि तो परत जोडता येत नाही. बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी हे जन्मभर. वजन पहिल्या वर्ष-दीड वर्षात भराभर उतरतं, मग थांबतं, थोडं परतही येऊ शकतं.

दुसऱ्या भेटीला, घरात स्वयंपाक जो कोणी करतं, त्यांनाही सोबत आणा. त्यांचे प्रश्न अनेकदा तुमच्यापेक्षा नेमके असतात.