नऊ मिलिमीटरची चूक

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी रंगात आल्या की नाशिकच्या हौशी संस्थांच्या खोल्यांमधून जुने स्पॉट बाहेर निघतात. चार महिने गोणपाटाखाली पडलेले, काळा रंग उडालेले. पंचवटीतल्या आमच्या खोलीतही असे काही आहेत. त्यांतल्या हजार वॉटच्या एका ‘फ्रेनेल’ जातीच्या स्पॉटने मागच्या हिवाळ्यात आम्हाला फार छळलं. बल्ब नवा, भिंग पुसलेलं, तरी उजेड मरगळलेला. भिंतीवर टाकून पाहिला तर एकाऐवजी दोन डाग दिसले, एक जरा वर आणि एक जरा खाली. दुरुस्तीत कुणीतरी जळका होल्डर काढून बाजारात मिळाला तो दुसरा बसवला होता. चूक तेवढीच होती. पण ती कळायला स्पॉटच्या पोटात काय चालतं ते समजून घ्यावं लागलं.

आधी ओळख. आपल्याकडे रंगमंचावरच्या कुठल्याही दिव्याला सरसकट ‘स्पॉट’ किंवा ‘हॅलोजन’ म्हणतात. त्यामुळे बल्ब मागवताना हमखास घोटाळा होतो. नावावर जाऊ नका, आधी भिंग पाहा. भिंगावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं असतील तर तो फ्रेनेल. भिंग एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला फुगीर आणि गुळगुळीत असेल तर पीसी. पुढे लांब नळी आणि मधोमध उजेड कापायच्या पत्र्याच्या चार पात्या असतील तर प्रोफाइल. भिंगच नाही, नुसता आडवा आरसा आणि पेन्सिलीसारखा लांब बल्ब असेल तर फ्लड. आणि पत्र्याच्या डब्यात मोटारीच्या हेडलाईटसारखा बंद बल्ब असेल तर तो पार. पारमध्ये आरसा आणि भिंग दोन्ही बल्बच्याच आत असतात. म्हणून बल्ब बदलला की पारचा स्वभावच बदलतो. सीपी ६० क्रमांकाचा बल्ब घातला तर बारीक झोत, ६१ घातला तर त्याहून रुंद, ६२ घातला तर आणखी पसरट. झोत लंबगोल पडतो, तो आडवा हवा की उभा हे मागून बल्ब फिरवून ठरवायचं.

गंज आणि रंग यांनी सगळी ओळख पुसली असेल तर स्पॉट लावून भिंतीकडे वळवा. कडा विरघळत गेली तर फ्रेनेल, बऱ्यापैकी स्पष्ट पडली तर पीसी, सुरीने कापल्यासारखी निघाली तर प्रोफाइल.

फ्रेनेलच्या वर्तुळांमागची गोष्ट मला फार आवडते. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने हे भिंग दीपगृहांसाठी तयार केलं, आणि १८२३ मध्ये ते फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात बसलं. प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, आतल्या जाडीत नाही. मग आतली काच कशाला वागवायची? फ्रेनेलने ती काढून टाकली आणि वक्र पृष्ठभाग तेवढे कड्याकड्यांनी एका पातळीत बसवले. भिंग हलकं झालं, पातळ झालं. रंगमंचाला त्याचा वेगळाच फायदा मिळाला. बल्बला अगदी चिकटून जाड भिंग ठेवलं तर आतून आणि बाहेरून असमान तापून ते तडकतं. पातळ भिंग तग धरतं. तरी गरम भिंगावर गार वारा किंवा ओला फडका नको. डिसेंबरात गोदाघाटावर उघड्यावर प्रयोग असला की हे विशेष सांभाळायचं.

आता मूळ मुद्दा. फ्रेनेल आणि पीसीमध्ये बल्बच्या मागे गोल आरसा असतो, आणि बल्बची तार (फिलामेंट) बरोबर त्या आरशाच्या वक्रतेच्या केंद्रावर यावी लागते. तारेतून मागे गेलेला प्रकाश आरशावर आपटून पुन्हा तारेच्याच जागी येतो. चांगल्या बल्बमध्ये तार एका पातळीत, मध्ये फटी ठेवून, उभ्या वेटोळ्यांची बसवलेली असते. आरशातली उलटी प्रतिमा नेमकी त्या फटींमध्ये पडावी, म्हणजे भिंगाला एक भरीव, चौकोनी, तापलेला तुकडा दिसावा, अशी ही योजना आहे. ती पहिल्यांदा समजली तेव्हा मी कितीतरी वेळ तो साधा वाटणारा बल्ब हातात धरून बसलो होतो. म्हणून बल्बच्या बैठकीपासून, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या पायापासून, तारेच्या मध्यापर्यंतची उंची ठरलेली असते. हजार वॉटचे जीएक्स ९.५ बैठकीचे बल्ब, म्हणजे टी १९ किंवा सीपी ७०, यांच्यात ती साधारण ५५.५ मिलिमीटर आहे. ६५० वॉटच्या जीवाय ९.५ बैठकीच्या टी २६ मध्ये ४६.५. आमच्या फ्रेनेलमध्ये हा दुसरा होल्डर बसला होता आणि त्यात ६५०चा बल्ब. तार नऊ मिलिमीटर खाली गेली. केंद्राच्या जितकं खाली वस्तू, तितकीच वर तिची प्रतिमा, म्हणजे दोघींमध्ये अठरा मिलिमीटरचं अंतर पडलं. भिंतीवरचे दोन डाग म्हणजे तार आणि तिची प्रतिमा.

जुन्या, मोठ्या फुग्याच्या बल्बची बैठक पी २८ एस असायची. तिला कमी-जास्त रुंदीचे दोन पंख असतात, दाबून फिरवलं की बल्ब एकाच दिशेने बसतो. तार भिंगाकडे तोंड करून राहावी म्हणून ही सोय. बैठक जुळत नाही म्हणून पंख कानशीने घासणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

हॅलोजन बल्ब १९५९ मध्ये आला. त्याआधीच्या बल्बमध्ये टंगस्टन हळूहळू उडून काचेवर काजळीसारखं जमायचं. हॅलोजनमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन ते टंगस्टन काचेजवळ पकडतं आणि पुन्हा तारेपाशी सोडतं. त्यासाठी काच २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली लागते. म्हणून तासन्‌तास डिमरवर मंद ठेवलेला हॅलोजन काळपट पडतो. तो काही वेळ पूर्ण ताकदीने लावला की पुष्कळदा स्वच्छ होतो. ही काच क्वार्ट्‌झची असते आणि बोटाचा घाम तिचा वैरी आहे. घामातले क्षार तापल्यावर काचेची रचना बदलतात, तिथे पांढरट डाग पडतो, फुगवटा येतो आणि शेवटी बल्ब फुटतो. बल्ब कागदाच्या वेष्टणातच धरा. हात लागलाच तर थंड असताना स्पिरिटने पुसा.

जुना बल्ब चांगला आहे का, हे मल्टिमीटर सांगतो. गार तारेचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे चौदा-पंधरा पटींनी कमी असतो. हजार वॉटच्या बल्बचा रोध पेटल्यावर ५३ ओहम असतो, पण टेबलावर मीटर साडेतीन-चार ओहमच दाखवेल. घाबरायचं नाही, बल्ब उत्तम आहे. मात्र म्हणूनच पेटताना क्षणभर करंटची लाट येते, आणि गार बल्ब एकदम शंभर टक्क्यांवर टाकला की तार त्याच क्षणी तुटायची शक्यता सर्वाधिक. प्रयोगाआधी सगळे दिवे डिमरवर दहा टक्क्यांवर जरा वेळ ठेवा. बल्बवर छापलेला व्होल्टेजही वाचा. २३० व्होल्टचा बल्ब २४० वर चालवला तर उजेड थोडा वाढतो, आयुष्य मात्र चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतं.

बल्ब वारंवार जात असतील तर बल्बला दोष देण्याआधी होल्डर बघा. हजार वॉटला सुमारे ४.३ अँपियर करंट लागतो. काळवंडलेल्या, सैल संपर्कात एकच ओहम रोध आला तरी त्या टाचणीएवढ्या जागेत १९ वॉट उष्णता तयार होते, जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. बल्बच्या पायाशी काचेत मोलिब्डेनमची पातळ पट्टी गाडलेली असते. तिथलं तापमान ३५० अंशांच्या वर राहिलं की ती हवेने गंजते आणि बल्ब मरतो. जळका होल्डर नवा बल्ब खातो, जळके पाय नवा होल्डर खातात. बदलायचे तर दोन्ही एकदम. पत्र्याच्या झरोक्यांवर रंगीत जिलेटिन कागदाची चिकटपट्टी लावून हवा कोंडू नका.

एका बाबतीत मात्र मी अजिबात सूट देत नाही. फार जुन्या स्पॉटमधल्या तारांवर पांढरट, विणलेलं, भुसभुशीत आवरण दिसलं तर हात मागे घ्या. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओढायचं नाही, फुंकर मारायची नाही, ब्लोअर तर मुळीच नाही. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि रोग दशकांनी उमटतो. स्पॉट जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा आणि जाणकाराकडूनच तो मोकळा करून घ्या. नवी वायर सिलिकॉनची किंवा काचतंतूच्या आवरणाची हवी. घरातली पीव्हीसी वायर या उष्णतेत वितळते. आणि दोन तारांवर चालणाऱ्या प्रत्येक जुन्या स्पॉटला तिसरी, अर्थिंगची तार हवीच. लोखंडी शिडीवर उभा राहून धातूचा डबा फिरवणारा मुलगा आपलाच असतो.

स्वच्छता सोपी आहे. आरसा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्याला सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं. राख, घासणी नको. बल्ब पुढेमागे सरकणाऱ्या रुळाला तेल लावू नका, ते तापून धूर करतं. ग्रॅफाइटची पूड लावा. आमच्या फ्रेनेलचा रुळावरचा स्क्रू झिजला होता, तो अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर नवा करून घेतला.

मग जीएक्स ९.५ होल्डर बसवला, हजार वॉटचा बल्ब लावला, डिमर पाच टक्क्यांवर ठेवला आणि वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरून भिंगाच्या दारातून आत पाहिलं. तांबूस तापलेल्या वेटोळ्यांच्या मधल्या फटींत आरशातली वेटोळी येऊन बसली होती.