नवजात बालकांतील जन्मजात विकारांची ओळख

जन्मतः असलेले, पण डोळ्यांना लगेच दिसतीलच असे नसलेले शारीरिक, चयापचयाचे व ज्ञानेंद्रियांचे दोष वेळीच शोधून काढण्याच्या पद्धतींचा या नोंदीत विचार केला आहे. दुभंगलेला ओठ किंवा वाकडे पाऊल प्रसूतिगृहातच लक्षात येते. अवटू ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) जन्मजात न्यूनतेचे बाळ मात्र पहिले काही आठवडे बहुधा निरोगी भासते, कारण वारेतून आलेले आईचे संप्रेरक काही काळ पुरते. पुढे लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, मोठी जीभ आणि बेंबीचा हर्निया ही लक्षणे दिसू लागतात; तोवर मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. ‘बाळ फार शांत आहे, दुधासाठीसुद्धा उठवावे लागते’ असे घरी कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा या विकाराची शंका घेणे आवश्यक आहे.

रक्ताच्या थेंबावरून करावयाच्या चाळणी चाचणीचा (निरोगी दिसणाऱ्या सर्व बाळांतून संशयित बाळे निवडणाऱ्या तपासणीचा) उगम कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. नॉर्वेतील वैद्य ॲस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये फिनिलकीटोन्युरिया हा विकार (अन्नातील फिनिलॲलानीन हे ॲमिनो अम्ल शरीरात साचून मेंदूला इजा करते तो) प्रथम वर्णिला. दोन मुलांच्या मूत्राला येणाऱ्या विचित्र वासाचा पाठपुरावा त्यांच्या आईने चिकाटीने केला, म्हणून तो उलगडला. १९५७ च्या सुमारास विलर्ड सेंटरवॉल यांनी ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइड टाकून रंग पाहण्याची पद्धत सुचविली, आणि काही लेखक चाळणीची सुरुवात तेथून मानतात. परंतु हा रंग आणणारे मूत्रातील द्रव्य बाळ काही आठवड्यांचे झाल्यावरच पुरेशा प्रमाणात आढळते, म्हणजे निदानाला उशीर होतोच. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या सुमारास टाचेचे रक्त गाळणकागदावर सुकवून, बॅसिलस सबटिलिस या जंतूच्या वाढीवरून त्यातील फिनिलॲलानीन जोखले. कागदावर सुकविलेले रक्त ईव्हार बांग यांनी १९१३ मध्येच ग्लुकोज मोजण्यासाठी वापरले होते. तथापि सर्व बालकांची तपासणी शक्य झाली ती गथ्रींच्या पद्धतीमुळे, म्हणून मुख्य श्रेय त्यांनाच देणे अधिक योग्य वाटते. १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचुसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

नमुना शक्यतो जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत घेतात. जन्मानंतर लगेच टीएसएच (अवटू ग्रंथीला चालना देणारे व तिच्या न्यूनतेत वाढणारे संप्रेरक) स्वाभाविकपणेच उसळते, त्यामुळे पहिल्या दिवशी घेतलेल्या रक्तावरून निष्कारण संशय निर्माण होतो. सुई टाचेच्या मध्यभागी न टोचता कडेच्या भागात टोचतात. पहिला थेंब पुसून दुसरा मोठा थेंब कागदावरील वर्तुळाला एकाच बाजूने लावतात व तो आरपार मुरू देतात. कार्ड उन्हापासून दूर, आडवे ठेवून काही तास सुकवावे लागते. भारतीय पाहण्यांनुसार अवटू न्यूनता सुमारे १,००० जन्मांमागे एकात आढळते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन (अवटू ग्रंथीचे संप्रेरक) औषध म्हणून सुरू झाल्यास बुद्धीची वाढ बहुधा सर्वसाधारण राहते.

हृदयदोषांसाठी उजवा हात व एक पाय येथील प्राणवायूचे प्रमाण पल्स ऑक्सिमीटरने पाहतात. डोळ्यात प्रकाश टाकल्यावर बाहुलीतून येणारे लाल परावर्तन न दिसल्यास मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाच्या अर्बुदाची (गाठीची) शंका घेतात. श्रवणाची चाळणी पहिल्या महिन्यात व निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हावे, असा संकेत आहे. पाठीवरचे निळसर डाग आपल्याकडील बालकांत नेहमीचे असून ते विकाराचे चिन्ह नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाड्या व शाळांतून मुले तपासतात. पुण्यात ससून रुग्णालय आणि रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय येथे बालरोगांचे जुने विभाग असून, केईएममध्ये बालविकास केंद्रही आहे. पहिले बाळंतपण माहेरी होण्याच्या प्रथेमुळे पुण्यात नमुना दिलेले बाळ अहवाल येईपर्यंत सासरी, कधी दुसऱ्याच जिल्ह्यात, गेलेले असते. यासाठी कार्डावर दोन्ही घरांचे दूरध्वनी क्रमांक असणे इष्ट होय. अपुऱ्या दिवसांच्या किंवा फार कमी वजनाच्या बाळात टीएसएच उशिरा वाढू शकते, म्हणून पहिला अहवाल निर्दोष असला तरी दोन ते चार आठवड्यांनी नमुना पुन्हा घेतात.