‘सी फॉरमॅट मार, डीला हात लावू नकोस’: या सवयीची पार्श्वभूमी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ठाणे-नवी मुंबईतल्या ऑफिसांत जुना प्रश्न पुन्हा निघाला: विंडोज ११ वर जाताना आहे त्यावरच अपग्रेड करायचे, की फॉरमॅट करून, म्हणजे जुने पुसून, कोरी विंडोज टाकायची? नौपाड्यातले डीटीपीचे दुकान असो की तुर्भ्याच्या बाजार समितीतला गाळा, उत्तर बहुतेक ठरलेले असते. ‘सी फॉरमॅट मार, डीला हात लावू नकोस.’ सी म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, डी म्हणजे आपल्या फाइलींचा. एके काळी हा सल्ला अगदी बरोबर होता. आज तोच पाळताना डी ड्राइव्हवरचा डेटा जाऊ शकतो.

विंडोज ९५ वर ९८ चढवली, की नव्या फाइली जुन्याच विंडोज फोल्डरमध्ये जाऊन बसत. रजिस्ट्री (सेटिंगची नोंदवही) तीच, ड्रायव्हर (उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर) तेच, एका प्रोग्रॅमची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सामाईक फाइल) दुसऱ्याच्या डीएलएलवर चढलेली. भारनियमनात मध्येच वीज गेली, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी मशीन हाती येई. त्यामुळे कारागिरांनी सोपी वाट धरली. एफडिस्क या प्रोग्रॅमने डिस्कचे तुकडे (पार्टिशन) करायचे, सीवर विंडोज ठेवायची, डी आणि ई वर हिशेब, फोटो, पत्रे. मशीन मंदावली की फक्त सी पुसायची. एफडिस्क यात सी हे एकच प्रायमरी (मुख्य) पार्टिशन करी. डी आणि ई एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह म्हणून बसत. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

२००१ मध्ये एक्सपी आली आणि सवय पक्की झाली. ९८ ची बैठक डॉस या जुन्या प्रणालीवर होती, एक्सपीची एनटी या वेगळ्या गाभ्यावर. अपग्रेड करता येत असे, पण ९८ चे अनेक ड्रायव्हर एक्सपीत निरुपयोगी ठरत. स्कॅनर आणि प्रिंटर अडून बसत.

खरा बदल २००७ च्या व्हिस्टात झाला. सेटअप आता एकेक फाइल ओतत नव्हता. विंडोजची तयार प्रतिमा (सगळ्या फाइलींचा एकच गठ्ठा) बाजूला कोरी उतरवायची, मग जुने प्रोग्रॅम आणि सेटिंग तिच्यात आणायची, अशी ही पद्धत होती. जुनी विंडोज तोवर बाजूला राही आणि मध्येच घोटाळा झाला तर मशीन मागे परते. अपग्रेडवरचा निम्मा आक्षेप तिथेच संपला होता. पण आपल्याकडे बहुतेक मशीन एक्सपीवर, आणि २००९ च्या विंडोज ७ वर एक्सपीतून थेट अपग्रेडची सोयच नव्हती. ३२ बिट विंडोजवरून ६४ बिट विंडोजवर जातानाही नाही, ती अडचण आजही आहे. अपग्रेड सुधारले तेव्हा ते वापरून बघायची संधी फार थोड्यांना मिळाली, आणि त्याची जुनी बदनामी तशीच राहिली.

२०१५ मध्ये विंडोज १० मोफत अपग्रेड म्हणून आली आणि लायसन्स हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी, बांधले गेले. सुरुवातीला कोरी टाकायची तरी आधी एकदा अपग्रेड करावे लागे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या आवृत्तीपासून ७ आणि ८ ची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांकसुद्धा, चालू लागली. मागे फिरण्याची मुदत आधी ३० दिवस होती, २०१६ पासून १० दिवस. त्यामुळे अपग्रेडनंतर सगळी सॉफ्टवेअर पहिल्याच आठवड्यात चालवून बघावीत.

२०२१ च्या विंडोज ११ ने टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागितले. सिक्युअर बूटला यूईएफआय (मशीन सुरू करणारी, जुन्या बायोसच्या जागी आलेली प्रणाली) लागते, यूईएफआयला जीपीटी, म्हणजे वाटणीचा नवा तक्ता असलेली डिस्क. जुन्या पद्धतीने लावलेल्या मशीनवर डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या तक्त्याची असते. बायोसमधली सेटिंग यूईएफआयवर बदलून पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू केला, सी निवडली, की सेटअप अडतो: या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, इथे विंडोज बसणार नाही. मग घाईत सगळी पार्टिशन पुसली जातात किंवा डिस्कपार्ट या आदेशांच्या प्रोग्रॅममध्ये ‘क्लीन’ दिले जाते. सी-डीची वाटणी ज्या तक्त्यात लिहिलेली असते तो तक्ताच जातो, आणि डी त्याच्याबरोबर.

डेटा न पुसता तक्ता बदलायला २०१७ पासून विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ हा प्रोग्रॅम आहे. पण त्याला तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड तर एकही नाही. म्हणजे एफडिस्कच्या काळापासून चालत आलेली वाटणीच आडवी येते. विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट उघडा. हिरव्या चौकटीत डी आणि ई दिसले तर ते एक्स्टेंडेडमध्ये आहेत. ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, कॉपी उघडून तपासा, मग ते ड्राइव्ह आणि ती चौकट काढा. बिटलॉकर (डिस्कला सांकेतिक कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर थांबवा. एमबीआर२जीपीटीत आधी ‘व्हॅलिडेट’ (तपासणी), ते पास झाले तर ‘कन्व्हर्ट’ (बदल), आणि त्यानंतरच बायोसमध्ये लेगसी (जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय. क्रम उलटा झाला तर मशीन बूट होत नाही.

एवढे झाले की आमच्या मते अपग्रेडच करावे. व्हायरस शिरलेला असेल, सिस्टिम फाइली दुरुस्त होत नसतील किंवा ३२ बिट विंडोज असेल, तरच कोरी. डिस्क खराब असेल तर आधी डिस्क बदला.

कोरी टाकायचीच असेल, तर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स आधी सरेंडर, म्हणजे या मशीनवरून मोकळे करा. टॅली ईआरपी ९ चा डेटा नेहमीच्या मांडणीत सीवरच असतो, तो उचला. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर नव्याने टाकावा लागेल. डीटीपीवाल्यांनी सीवरच्या विंडोज फोल्डरमधला फाँट्स फोल्डर अख्खा कॉपी करावा. युनिकोडपूर्व मराठी फाँट गेला, तर त्यातली लग्नपत्रिका इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोळा होऊन उघडते.

सेटअपचा पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर सेटअपला एसएसडी दिसतच नाही. ती बिघडलेली नसते. व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क-जोडणीच्या सोयीचा ड्रायव्हर हवा असतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या, झिप उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. वायफायचा ड्रायव्हरही सोबत असू द्या, कारण विंडोज ११ होम पहिल्याच सेटअपमध्ये इंटरनेट मागते. तो नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट मशीनला देणे) चालू करा.