माला-एन रोजची, छाया आठवड्याची

नागपूरच्या पाचपावलीतल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी परवा देवघराच्या फळीवरून दोन पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली. "ताई, बाळंतपणाच्या आधी आशाताईनं हे देल्लं होतं, आता हे देल्लं. गोळी म्हणजे गोळीच ना? मी तं रोजच घेऊन रायली." पहिलं पाकीट माला-एनचं, दुसरं छायाचं. छायाच्या आठांपैकी पाच गोळ्या पाच दिवसांत संपल्या होत्या.

दोन्ही गोळ्या सरकारी, दोन्ही फुकट, दोन्ही पाळणा लांबवणाऱ्या. पण आत शिरल्यावर त्यांचं काम अगदी वेगळं आहे.

माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी दोन संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स असतात. ती रोज ठरावीक प्रमाणात मिळत राहिली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी बीजकोशाला 'बीज सोड' असा निरोपच पाठवत नाही. बीज सुटत नाही, गर्भाशयाच्या तोंडाचा चिकट स्राव घट्ट होतो आणि शुक्राणूंची वाट अडते. हा निरोप रोज थांबवावा लागतो, म्हणून गोळी रोज. पाकिटात 28 गोळ्या असतात: 21 संप्रेरकांच्या आणि वेगळ्या रंगाच्या 7 फक्त लोहाच्या. त्या सात दिवसांत पाळी येते. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यायची, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त राहिल्या तर पुढचे सात दिवस निरोधही वापरायचा.

छायात संप्रेरक नाहीच. तिच्यातलं औषध, ऑर्मेलॉक्सिफेन, आपल्याच देशात, लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं. 1991 मध्ये ते 'सहेली' नावानं बाजारात आलं, सरकारी कार्यक्रमात नंतर 'छाया' झालं. ही गोळी बीज सुटणं थांबवत नाही. इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसतं त्या जागा ती अडवते, त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं होत नाही. तिचा असर शरीरात बराच काळ टिकतो. म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदाच.

वहिनींचं बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पिणारं. म्हणूनच आशाताईंनी गोळी बदलली होती. माला-एनमधल्या इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकतं, त्यामुळे पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ती देत नाहीत. छायाची ती अडचण नाही. निर्णय बरोबर होता, फक्त 'रोज नाही' हे दोन शब्द सांगायचे राहिले, याचंच मला फार वाईट वाटतं.

माला-एनची भीती खूप बायकांना आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण 1 ते 5 जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांत 3 ते 9 जणींना. गरोदरपणात मात्र हाच धोका याहून जास्त असतो. ज्यांचा बीपी जास्त आहे, ज्यांना डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होते, ज्या पस्तिशीनंतर सिगारेट ओढतात, त्यांनी ही गोळी घेऊच नये. स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही किंचित वाढतो. पण बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, रक्तस्राव कमी होऊन अंगात रक्त टिकतं, हेही बायकांना सांगायला हवं. आणि "गोळ्या खाल्ल्या तर पुढे मूल राहत नाही" हे सासूबाईंचं म्हणणं खरं नाही. गोळी बंद केली की बीज पुन्हा सुटू लागतं.

छायात मळमळ, गुठळी यांचा त्रास सहसा नसतो. तिची खोड एकच: पाळी लांबते, कमी जाते. मग दिवस गेले की काय म्हणून जीव टांगणीला लागतो. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करून घ्यावी. पीसीओएस (बीजकोशाचा, पाळी अनियमित करणारा आजार), नुकतीच झालेली कावीळ, यकृत किंवा किडनीचा आजार असेल तर छाया नको. टीबीचं औषध चालू असेल तर दोन्हींच्या आधी डॉक्टरांना सांगायचं. टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिननं माला-एनचा असर उतरतो.

एचआयव्ही किंवा गुप्तरोगापासून दोन्ही गोळ्या वाचवत नाहीत, त्यासाठी निरोधच.

वहिनींना मी त्याच दुपारी दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काळजीचं काही निघालं नाही. त्यांनी कोणत्या दिवसापासून पुन्हा सुरू करायचं ते लिहून दिलं. आता वहिनींच्या कालनिर्णयवर रविवार आणि बुधवारला लाल पेनानं गोल आहेत, आणि तीन महिन्यांपुढच्या पानांवर फक्त रविवारला.