माळवदाचं घर

माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, काही भागात ह्यालाच धाबं म्हणतात. साताऱ्यातले माण-खटाव आणि सांगलीकडचे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ह्या पट्ट्यात जुन्या गावठाणात अजून बघायला मिळतं, पण आता निम्मी माळवदं पडकी आणि उरलेल्यांवर पत्रा चढलेला.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5 हजार मिमीच्या वर पाऊस आणि माणमध्ये 500 च्या आसपास, तोही पडला तर. म्हणून पाटण-जावळीकडं उतरती कौलारू घरं आणि पूर्वेला आलं की सपाट मातीचं छप्पर. पाटणमध्ये कुणी माळवद घातलं तर आषाढातच खाली येईल आणि माणमध्ये कौलं घातली तर उन्हाळ्यात झोपायचं कुठं हा प्रश्न.

रचना अशी. खाली दगडी जोतं, त्यावर दोन-अडीच फुटी भिंत, दगडमातीची नाहीतर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची. भेंडा म्हणजे न भाजलेली मातीची वीट. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचण (लाकडाच्या बारीक फळ्या-काटक्या), त्यावर लिंबाचा पाला (वाळवी लागू नये म्हणून) आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर किती मोठं हे फुटात सांगत नसत, खणात सांगत, खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, ऐपत असेल तर मधे चौक. भिंत एवढी जाड की तिच्यातच कोनाडे, देवळ्या, फडताळ, कुठंकुठं वर जायचा जिनापण. छपराला एक भोक असतं, त्याला सवणं म्हणतात, उजेड त्यातनं येतो आणि चुलीचा धूर त्यातनंच जातो, पावसात वर फरशी झाकायची.

माती कुठलीपण चालत नाही. गावाचे दोन भाग, शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी माती वाळली की भेगाळते त्यामुळं छपराला बाद. पांढरी किंवा खारी माती भिजली की तिचे बारीक कण सुटून भोकं बुजवतात, म्हणजे पहिल्या पावसात ती स्वतःच स्वतःला बंद करून घेते आणि पाणी पन्हळीतनं बाहेर पडतं. हे कुठल्या इंजिनिअरनं सांगितलेलं नाही, गावातल्या म्हाताऱ्यांना माती जिभेला लावून कळायचं.

आता गारव्याचं. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या पुढं जातो, पण दोन फूट मातीतनं दुपारचं ऊन आत पोचायला रात्र उलटते, तोवर बाहेर गार झालेलं असतं आणि ती उष्णता आली तरी दमून आलेली असते. पाच इंची स्लॅब दुपारी तापतो आणि संध्याकाळी सात वाजता नेमका आत ओकायला लागतो, आपण फॅन लावून तीच गरम हवा अंगावर घेतो. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, 2005 च्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं, तिथंपण मातीचाच हिशोब, आत उन्हाळा-हिवाळा जवळपास सारखाच.

पण नुसत्या जाड भिंतीवर हे घर गार राहत नाही, आणि बांधकामाच्या लेखात ही गोष्ट सहसा येत नाही. माळवदाची घरं एकटी नसतात. भावकीची पाच-सात घरं भिंतीला भिंत लावून, मधली भिंत सामाईक, म्हणजे ऊन लागणारी बाजू फक्त पुढची आणि मागची. गल्ली अरुंद, ती बराच वेळ सावलीतच. आणि वरनं सगळी माळवदं जोडलेली, एका टोकाला चढलं की दुसऱ्या टोकाला उतरायचं. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, मिरच्या, ज्वारी सगळं वरच, एकीच्या कुरडया दुसरीच्या माळवदावर, आणि राखायला एकच म्हातारी काठी घेऊन. रात्री सगळी गल्ली वर झोपायला. (भांडणंपण वरनंच चालायची ते वेगळं.)

देखभालपण तशीच. मृगाच्या आधी गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, नवी माती टाकून चोपायची. पावसात गळायला लागलं की डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर जायचं आणि पायानं दाबत भोक हुडकायचं. शेजाऱ्यानं त्याचं माळवद चोपलं नाही तर पाणी तुमच्या भिंतीत उतरणार, त्यामुळं सगळ्यांनी एकदमच करायचं.

खोट ह्यातच आहे. दरवर्षी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं करत थर वाढत जातो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, जवळपास 8 हजार माणसं गेली, त्यात छपराचं हे ओझं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती हे मोठं कारण होतं. बऱ्याच ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. साताऱ्याला तर 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आधीपासनं ठाऊक होता. किल्लारीनंतर माळवद म्हणजे मरण असं लोकांच्या डोक्यात बसलं, आणि त्यांना दोष कसा देणार. उपाय नाहीत असं नाही, जुनी माती उतरवून थर पातळ करायचा, खाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा, भिंतीत आरपार लांब दगड बसवायचे, खांब-तुळईचे सांधे पक्के करायचे. पण हे करायला गवंडी कुठंय, सगळे सेंट्रिंगच्या कामावर.

सरकारी हिशोबात मातीचं घर कच्चं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं गावाकडचं घरकुल कमीत कमी 25 चौरस मीटरचं, त्यात सोपा नाही की चौक नाही, आणि बऱ्याचदा गावाबाहेर मोकळ्या माळावर एकेकटं, चारी बाजूंनी ऊन खात उभं. माझ्या मते स्लॅबपेक्षा हे सुटं उभं राहणं जास्त तापवतं. तीच घरकुलं चार-चार जोडून मधे एक चौक ठेवला आणि स्लॅबवर पांढरा चुना मारला तरी बराच फरक पडेल.

माळवदाची गल्ली मोडते ती बहुतेक वेळा एका घरापासनं. वाटणी होते, मधला भाऊ त्याच्या वाट्यात स्लॅब टाकतो, स्लॅब आणि माती एकमेकाला धरत नाहीत, त्या सांध्यातनं पाणी उतरतं आणि दोन-तीन पावसाळ्यात शेजारची भिंत फुगते. मग जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन येतो आणि कोरीव खांब आधी बघतो.